आपांच्या कॉम्प्युटरवरची नावं

फरहानचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल घेत होते. परीक्षा सुरू असताना मी फोन घेत नाही, पण तो थांबायलाच तयार नव्हता, म्हणून व्हरांड्यात आले. "वंदना मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग पलीकडे नुसते माणसांचे आवाज... सकाळचा चहा पिऊन तहसीनआपा खुर्चीत टेकल्या होत्या, त्या टेकल्याच. चारच दिवसांपूर्वी त्या माझ्याशी फोनवर भांडल्या होत्या. कॉलेजातल्या कसल्याशा ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या म्हणून मीही केली, वाचायला वेळ नव्हता, असं मी बोलता बोलता सांगितलं, तर त्या कडाडल्या, "न वाचता सही कराले शिकवलं होतं का मी तुले? उद्या जाय अन् वाचून ये." तेच आमचं शेवटचं बोलणं. लोक हळहळतात, शेवटचं बोलणं गोड व्हायला हवं होतं म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपांशी शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं, ते त्यांना शोभलं.

अमरावतीहून मी अकोल्याला आपांच्या घरी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. मी घरात बायकांमध्ये बसले. नंतर आठवड्याभरात आमच्या जुन्या संस्थेनं वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची चौकट दिली, त्यात त्यांना 'शांत, सोशिक आणि सर्वांशी मिळतंजुळतं घेणाऱ्या' म्हटलं होतं. हा लेख मी त्या चौकटीमुळे लिहिते आहे. आपा शांत नव्हत्या, सोशिक तर अजिबात नव्हत्या, आणि ज्या संस्थेनं ती चौकट छापली तिच्याशी त्यांनी एक दिवससुद्धा जुळतं घेतलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्या धारेवर असं पाणी ओतू नये.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बी.एस्सी. होऊन दर्यापूरकडच्या आमच्या गावात रिकामी बसले होते. अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, सरकी-ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, याच संस्थेचा महिला संगणक वर्ग चालायचा. तिथं मदतनीस हवी आहे असं कळलं आणि मी गेले. जिना चढतानाच ढेपेचा दाट वास यायचा, तो अंगावरच्या ओढणीत घरापर्यंत यायचा. वर आठ जुने कॉम्प्युटर, आणि मधोमध हातात पट्टी घेऊन उभ्या आपा. पट्टी मारायला नव्हती, पडद्यावरचं दाखवायला होती. त्यांचे यजमान रशीदभाई गाद्या भरण्याचं काम करायचे. आपांच्या कानामागं, केसांत कापसाचा एखादा तंतू नेहमी अडकलेला असायचा. त्या घरी उर्दू बोलत, आमच्याशी वऱ्हाडी, आणि संस्थेच्या सचिवांशी मुद्दाम जास्तच वऱ्हाडी.

ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस येई तेव्हा भलत्याच वेळी येई. बाहेरच्या जगाला आमचा भाग फक्त मरणाच्या बातम्यांपुरता ठाऊक झाला होता. खेड्यात पैसा आटला की पहिल्यांदा पोरीचं कॉलेज सुटायचं, पोराचं चालू राहायचं. अशा सुटलेल्या पोरी आमच्याकडे यायच्या. एसटीचा पास तेवढा घरून मिळायचा. एकदा कुठलासा कॅमेरेवाला जिना चढून वर आला आणि पोरींना विचारू लागला, तुमच्या घरी कुणी गेलंय का? आपा त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथं पोरी टायपिंग शिकून राहिल्या. त्याचा फोटो घ्याचा असंल तर घ्या. रडाचा पाह्यजे असंल तर जिना तिकडं हाय." तो फोटो न घेताच गेला.

आपांनी तिथं पहिलं काय केलं असेल, तर प्रत्येक पोरीला स्वतःचं खातं उघडून दिलं. संस्थेचा नियम वेगळा होता. सगळ्या मशीन संस्थेच्या नावाच्या एकाच खात्यावर चालवायच्या, पासवर्ड सगळ्यांना एकच. आपांनी तो नियम पहिल्या महिन्यातच मोडला. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर नावांची ओळ यायची, त्यातलं आपलं नाव शोधायचं, त्यावर टिचकी मारायची, आपण ठरवलेला पासवर्ड टाकायचा, आणि आत सगळं आपलं. आपण लावलेलं चित्र, आपण निवडलेला रंग, आपली कागदपत्रं, आपल्याला जमेल तेवढा माउसचा वेग. मला सुरुवातीला हे खूळ वाटलं. एकेका मशीनवर पाच-सहा नावं, सांभाळणार कोण? मी तसं बोलूनही दाखवलं. आपा म्हणाल्या, "या पोरींच्या घरी यांच्या नावाचं काय हाय सांग? सातबारा बापाच्या नावानं, राशनकार्ड आजोबाच्या नावानं, उद्या लगन झालं का कार्डावरून नावच कटते. एक तरी दार असं असू दे, जे तिचं नाव घेतल्याबिगर उघडत नाही."

दुर्गा ही त्यातलीच एक. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातून यायची. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि हाताला विलक्षण वळण. सहा महिन्यांत ती लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानांच्या पाट्या अशा बसवायची की बाजारातले छापखानेवाले येऊन विचारायचे, ही कुणी केली? तिच्या खात्यात तिनं एक खाजगी फोल्डर केलं होतं, तिच्याशिवाय कुणालाही उघडता येणार नाही असं. त्यात तिनं केलेली सगळी कामं होती. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मालावरची लेबलं बसवायला मुलगी हवी होती. आपांनी तिथं बोलून ठेवलं होतं. केलेली कामं घेऊन या, मग पाहू, असं कारखान्यातल्यांनी सांगितलं होतं.

आणि त्याच दिवाळीनंतर संस्थेनं वर्ग बंद करायचं ठरवलं. सचिव स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला ज्या गोष्टीची पावती नाही ती गोष्ट दिसायचीच नाही. ते म्हणाले, मशीन सोमवारी दुसऱ्या केंद्रावर जातील, तोवर सगळी खाती उडवून कोऱ्या करून ठेवा.

"उडवा म्हंजे?" आपांनी विचारलं.

"म्हणजे डिलीट करा."

"साहेब, पोरी काय चिमण्या हायत का उडवाले?"

सचिव हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करते आहे. मशीन संस्थेची, त्यातला डेटाही संस्थेचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मशीन तुमची. न्या. आतलं पोरीचं हाय. ते मी कोण्या पोरीले विचारल्याबिगर पुसत नाही अन् पुसू देत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रशीदभाईंना सांगून घरी एक नवा कॉम्प्युटर आणला. कुठून, कसा, ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रविवारी सकाळी तो त्यांनी हातगाडीवर घालून वर्गात आणला. जुन्या खात्यातल्या फायली आणि सेटिंग गोळा करून दुसऱ्या मशीनवरच्या नव्या खात्यात बसवायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते. पण ती एका बटणाची गोष्ट नाही. नव्या मशीनवर आधी त्या पोरीच्या नावाचं खातं उघडायचं, मग जुन्यावर तिनं स्वतः आत शिरायचं, काय काय न्यायचं ते निवडायचं, ते गोळा होईस्तोवर थांबायचं, मग इकडे उतरवायचं आणि सगळं आलं का ते पाहायचं. फायली येतात, पण अक्षरं येत नाहीत, कारण फॉन्ट राहून गेलेला असतो, मग लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली नुसत्या चौकटी दिसतात. चित्र येतं, पण माउस पुन्हा पहिल्यासारखा पळू लागतो. आपा प्रत्येक पोरीला शेजारी बसवून विचारायच्या, "पाय बरं, तुह्यं घर तसंच हाय का?" आणि ती "हो आपा" म्हटल्याशिवाय पुढच्या नावाकडे वळायच्या नाहीत.

त्यात भारनियमन. वीज तेव्हा येण्यापेक्षा जायचीच जास्त. निम्मं काम होतं न होतं तोच पंखा थांबला, पडदे काळे झाले आणि चालू असलेली खाती अर्धवट लटकली. पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपा जिना उतरून गेल्या. थोड्या वेळानं खालून असा धडधडाट सुरू झाला की ढेपेचं दुकान हादरलं. त्यांच्या गल्लीतला मंडपवाला लग्नाच्या वरातीत लावायचा जनरेटर घेऊन आला होता. त्या दिवशी कुठं वरात नव्हती. आपा त्याला म्हणाल्या होत्या, "तुह्या पोरीचं नाव पण त्याच्यात हाय. तुले काय कराचं ते ठरव." डिझेलचा धूर जिन्यातून वर यायचा, खिडक्या उघडल्या की रस्त्यावरचे लोक वर बघायचे, आणि आम्ही एकमेकींशी ओरडून बोलत एकेक नाव हलवत होतो.

धडधडाट ऐकून कुणीतरी कळवलं असावं, कारण दुपारी सचिव आले. घाम पुसत म्हणाले, "अहो आपा, एवढं आहे तरी काय त्यात? लग्नपत्रिका आणि अर्जच ना?"

आपांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "साहेब, उद्या मी तुमच्या ऑफिसात येतो, तुमच्या टेबलाचे खण रस्त्यावर रिकामे करतो. त्याच्यात पण लग्नपत्रिका अन् अर्जच निघतील. चालंल तुमाले?"

सचिव एका पोरीच्या पडद्याकडे वाकून म्हणाले, ते अक्षर जरा डावीकडे सरकव, चांगलं दिसेल. आणि गेले. हे मी त्यांच्या बाजूनंही लिहून ठेवते.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा फक्त दुर्गाचं खातं उरलं होतं, कारण दुर्गा आलीच नव्हती. कापूस वेचणीचे दिवस होते. मी आपांना म्हटलं, तुमच्याकडे मुख्य खातं आहे, त्यातून तिचा पासवर्ड बदला, फोल्डर जबरदस्तीनं उघडा, तिच्या भल्याचंच आहे. आपांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "भल्यासाठीच समदे दार तोडतेत," त्या म्हणाल्या. "तिचा बाप भल्यासाठी, सासरा भल्यासाठी. मी नाही तोडणार. तू जाय अन् तिले विचार. नाही म्हनली तं तसंच राहू दे."

मी शेअर जीप पकडून गेले. दुर्गा शेतात होती, कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापूस, बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरबाडलेली. शेजारी तिचे वडील. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू पासवर्ड सांग, बाकी आम्ही करतो. ती हसली. "मॅडम, आपानंच सांगतलं, कोणाले सांगाचा नाही. तुमाले कशी सांगू?" मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी अकोल्याले जातो. शेवटच्या गाडीनं येतो." वडिलांनी एकदा न वेचलेल्या ओळींकडे पाहिलं, एकदा मावळतीकडे. "कापूस कुठी पळून नाही जात," ते म्हणाले. "जाय." तिनं ओटी सोडून त्यांच्या पुढ्यात रिकामी केली आणि माझ्याबरोबर तशीच निघाली. वर्गात येऊन त्याच हातांनी तिनं पासवर्ड टाकला. आपा तोंड फिरवून खिडकीकडे उभ्या राहिल्या. पासवर्ड टाकताना बघायचं नसतं... सोमवारी मशीन गेल्या त्या कोऱ्या गेल्या. कोरं आपांनीच केलं, स्वतःच्या हातानं, आणि पुसून, झाकण घालून दिल्या.

त्यानंतर वर्ग त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत भरू लागला. एक कॉम्प्युटर आणि त्यावर नावांची एवढी लांब ओळ की ती खाली सरकवत न्यावी लागायची. रशीदभाईंनी खोलीतल्या गाद्या माळ्यावर टाकून जागा करून दिली. बोलणारे दोन्हीकडचे होते. आपांच्या नात्यात म्हणायचे, कुणाकुणाच्या पोरी घरात घेते. खेड्यात म्हणायचे, मुसलमानाच्या घरी पोरगी कशाला पाठवता. आपांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "या, बसा, पाहा. खुर्ची एकच हाय, पोरगी उठली का तुमी बसा." बसायला कुणी आलं नाही. पोरी मात्र येत राहिल्या.

दुर्गाला नांदगाव पेठला नोकरी लागली. पुढं तिनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा आपा अकोल्याहून अमरावतीला आल्या, माझ्याकडे जेवल्या आणि दुर्गाच्या खोलीवर जाऊन तिचं सगळं तिच्या मशीनवर बसवून दिलं. मग परत जाऊन आपल्या मशीनवरचं तिचं नाव दुर्गाला फोन करून, तिच्या होकारानं पुसलं. मी विचारलं, एवढं जपलं आणि आता पुसताना काहीच वाटत नाही? तर म्हणाल्या, "वाटाचं काय त्याच्यात? माह्या मशीनवर कोणाचंच नाव उरलं नाही पाह्यजे. समद्यायच्या घरी आपापली मशीन पाह्यजे. हे काय धर्मशाळा हाय का?" अशी एकेक करून नावं कमी होत गेली. मी त्याआधीच त्यांच्याकडून निघून, एम.सी.ए. करून अमरावतीला कॉलेजात लागले होते. मशीन दोनदा बदलली, पण उरलेली नावं प्रत्येक वेळी जुन्यावरून नव्यावर नेली गेली. रशीदभाई गेले, फरहान नोकरीला बाहेरगावी गेला. आपा चष्म्याचा नंबर वाढवत त्याच खोलीत राहिल्या.

आपांच्या चाळिसाव्या दिवसाला मी पुन्हा अकोल्याला गेले. फरहान घर आवरत होता. तो गुणी मुलगा आहे, त्याच्या आईसारखा तापट नाही. मला म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटर एका शाळेला देतोय. फॉरमॅट करून देऊ ना? अम्मीचं असं काय असणार त्यात?" मी म्हटलं, "थांब. सोमवारपर्यंत थांब." का म्हटलं ते त्याला कळलं नाही, पण तो थांबला.

मशीन सुरू केली. पडद्यावर आपांच्या नावाखाली अजून तीन नावं होती. मी बसून फोन लावत राहिले, या पोरीकडून तिचा नंबर, तिच्याकडून हिचा. एक परतवाड्याला भेटली, तिचं स्वतःचं कपड्यांचं दुकान आहे. "अजून हाय का माह्यं?" असं तिनं तीनदा विचारलं, आणि दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर येऊन, पासवर्ड आठवत आठवत, घेऊन गेली. दुसरी म्हणाली, "उडवून टाका हो मॅडम, आता काय करू त्याचं." मी उडवलं. तिनं सांगितलं म्हणून उडवलं. तिसरी कुठंच सापडली नाही. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, पण तिचं खातं न उघडता, आहे तसं, जुन्या डिस्कमध्येच माझ्याकडे ठेवलं आहे. शाळेला जाणाऱ्या मशीनमध्ये फरहाननं नवी डिस्क घातली. ती पोरगी हे वाचत असेल, तर तिनं यावं. तिच्याशिवाय ते कुणी उघडणार नाही.

मग आपांचं नाव. टिचकी मारण्याआधी मी बराच वेळ बसून राहिले. त्यांना आता विचारता येणार नव्हतं. शेवटी मारली... आणि खातं सरळ उघडलं. पासवर्डच नव्हता. सगळ्या पोरींच्या दारांना कुलूप लावायला शिकवणाऱ्या या बाईनं स्वतःचं दार उघडं ठेवलं होतं. फरहान म्हणाला, विसरली असेल. मला तसं वाटत नाही, पण मी वाद घातला नाही. वाद घालायला आपा हव्या होत्या.

त्यांच्या फायली मी नेल्या, आणि सेटिंगही माझ्या लॅपटॉपवरच्या खात्यात आणली. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कॉम्प्युटर आपल्या वऱ्हाडी शब्दांखाली लाल रेघ ओढतो, त्याच्या लेखी ते चुकीचे असतात. गेली कित्येक वर्षं मी ती रेघ दिसली की शब्द बदलून पुस्तकी करत आले. त्या दिवशी मी गमतीनं 'मले' लिहिलं, आणि रेघ आली नाही. 'तुले' लिहिलं, नाही आली. 'काहून' लिहिलं, 'आमी' लिहिलं, 'येजो', 'करून राहिली'... एकाही शब्दाखाली नाही. आपा प्रत्येक शब्द, जेव्हा जेव्हा कॉम्प्युटरनं त्याला चूक म्हटलं तेव्हा तेव्हा, त्याच्या शब्दकोशात घालत गेल्या होत्या. ती सारी भर फायलींबरोबर माझ्याकडे आली होती.

परवा मी लॅबमध्ये माझ्या लॅपटॉपवर हाच लेख लिहीत होते. आमच्या विभागातले पुण्याकडून आलेले एक सर मागून वाचत होते. फार भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, तुमचं शुद्धलेखन तपासणं बिघडलेलं दिसतंय, चुका दाखवतच नाही. पुन्हा मूळ सेटिंगवर आणून देऊ का?"

मी म्हटलं, "नका, सर. माह्यं बराबर हाय."